तिकिटाआधी उतरायची वेळ बघा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात परदेशी शिक्षणावर नियमित छापून येते: प्रवेश, व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्या-खाण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचे खाते), शिष्यवृत्ती. मूल तिकडे पोहोचल्यावर पुढे काय, यावर मात्र फारसे येत नाही. त्यातलाच एक छोटा, पण पैसे आणि झोप दोन्ही खाणारा विषय म्हणजे शनिवार-रविवारला जोडून रात्रीच्या बसने शेजारच्या देशात मारलेली चक्कर. जर्मनीत शिकणारी कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडची मुले डोळ्यापुढे ठेवून हे पत्र लिहीत आहोत. इतर शेंगेन देशांत (आपसांत एरवी सरहद्दीवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) राहणाऱ्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

गल्लत होते ती आपल्याकडच्या सवयीने. तावडे हॉटेलपाशी किंवा ताराराणी चौकात रात्री ट्रॅव्हल्समध्ये चढायचे, बर्थवर आडवे व्हायचे, पडदा ओढायचा आणि सकाळी मुंबईत नाहीतर बंगळूरला डोळे उघडायचे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. म्युनिक किंवा बर्लिनहून सुटणाऱ्या बसमध्ये बर्थ नसतो. रात्रभर बसून जायचे, तेही पट्टा लावून. सीट चार बोटे मागे जाते, एवढीच काय ती चैन. ब्लँकेट नाही, उशी नाही, पाण्याची बाटली नाही. कंडक्टर तर नाहीच. चालक तिकिटावरचा कोड तपासतो, सामान गाडीच्या पोटात ढकलायला सांगतो आणि गाडी हाकतो. जर्मनीत लांब पल्ल्याच्या बसगाड्यांवर रेल्वेच्या भल्यासाठी कडक निर्बंध होते, ते १ जानेवारी २०१३ ला उठले. त्यानंतर फ्लिक्सबससारख्या सेवा फोफावल्या आणि भाडी एवढी उतरली की दरमहा ९९२ युरोंत (ब्लॉक्ड खात्यासाठी २०२४ पासून धरलेला आकडा) भागवणाऱ्या विद्यार्थ्यालाही प्राग, व्हिएन्ना, पॅरिस खिशाच्या आवाक्यात वाटू लागले.

बेत ठरवताना पोरे आधी भाडे बघतात. आमचे म्हणणे उलटे आहे. आधी उतरायची वेळ बघा, मग प्रवासाचे तास, मग आपले कागद, आणि भाडे सगळ्यात शेवटी.

उदाहरण घ्या. बर्लिन ते प्राग साधारण ३५० किलोमीटर, म्हणजे साडेचार-पाच तास. रात्री अकराला बसलात तर पहाटे चारच्या सुमारास फ्लोरेंत्स स्थानकावर उभे. मेट्रो सुरू व्हायला तासभर, दुकाने उघडायला त्याहून जास्त आणि हॉस्टेलची खोली मिळायला दुपारचे दोन-तीन. अंबाबाईच्या दर्शनाला पहाटे उतरलेल्या माणसाला इथे महाद्वार रोडच्या आसपास नुसत्या अंघोळीपुरती खोली मिळते. तिकडे ती सोय शोधून सापडत नाही. काही मोठ्या स्टेशनांत पैसे देऊन अंघोळ करता येते, हॉस्टेलवाले बॅग ठेवून घेतात, पण पलंग वेळेआधी मिळत नाही. म्हणजे वाचलेल्या एका रात्रीच्या भाड्यातले बरेचसे पैसे लॉकर, कॉफी आणि नाश्त्यात सकाळीच उडतात आणि दुपारी चार्ल्स पुलावर फिरताना डोळे मिटू लागतात. प्रागला, म्युनिकहून व्हिएन्नाला दिवसा जावे. हे पल्ले रात्रीचे नाहीत.

रात्रीच्या बसला सात ते नऊ तासांचा पल्ला शोभतो. बर्लिन-व्हिएन्ना, फ्रँकफर्ट-पॅरिस, म्युनिक-बुडापेस्ट हे त्यातले. रात्री दहा-साडेदहाला सुटून सकाळी सहानंतर पोहोचणारी गाडी निवडावी. दहा तासांच्या पुढे गेले की माणूस चोळामोळा होतो. म्युनिक-पॅरिस आठशे किलोमीटरच्या वर आहे, ते बसने करायचेच असेल तर पोहोचल्या दिवशी एकही संग्रहालयाचे तिकीट काढून ठेवू नये. व्हेनिस किंवा रोमसारख्या ठिकाणी ऑस्ट्रियन रेल्वेची नाइटजेट ही रात्रीची गाडी जाते. तिच्यातल्या आडव्या फळीचे आरक्षण लवकर केले तर बसच्या भाड्याशी असलेला फरक सोसण्यासारखा असतो. पाठ धरणाऱ्यांनी तोच मार्ग घ्यावा.

झोप का लागत नाही, त्यालाही कारण आहे. युरोपीय नियमाने (५६१/२००६) चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते. ती पंधरा आणि तीस मिनिटे अशी तोडूनही घेता येते. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा, यापलीकडे एकट्याने चालवता येत नाही, म्हणून लांबच्या गाडीवर दुसरा चालक असतो किंवा वाटेत बदलतो. प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की रात्री दोन-तीनच्या सुमारास गाडी महामार्गावरच्या थांब्यावर उभी राहते, दिवे लागतात, दार उघडते आणि थंडगार वारा आत घुसतो. शिवाय मधल्या शहरांतले चढणारे-उतरणारे वेगळेच. तिकीट काढताना मधले थांबे किती आहेत ते उघडून बघावे. एकाच मार्गावरच्या दोन गाड्यांत दोन थांबे आणि सात थांबे एवढा फरक असू शकतो.

या थांब्यावरच सगळ्यात महागडी चूक होते. आपल्या एसटीत गाडी हलण्याआधी कंडक्टर, नाहीतर शेजारचा प्रवासी, "मागचे आले का?" असे विचारतो. तिथे डोकी मोजली जातीलच असे नाही. खाली उतरताना गाडीचा नंबर आणि समोरच्या पाटीचा फोटो काढा, चालकाला वेळ विचारा, आणि पासपोर्ट, फोन, कोट अंगावर घेऊनच उतरा. सारख्याच रंगाच्या चार गाड्या ओळीने उभ्या असतात. जर्मनीतल्या महामार्गांवर पेट्रोलपंप-दुकाने असलेल्या बऱ्याच थांब्यांच्या स्वच्छतागृहांत सानिफेअर कंपनीची, पैसे टाकल्यावर उघडणारी फाटके आहेत. आत जायला एक युरो लागतो आणि तेवढ्याच किमतीची चिठ्ठी मिळते, ती तिथल्या दुकानात चालते. नाणे जवळ ठेवा. बसमध्येही संडास असतो, पण मध्यरात्रीनंतर त्याच्या भरवशावर राहू नये.

सीट निवडायला थोडे जास्त पैसे पडतात, ते रात्रीपुरते द्यावेत. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा दिवसा भारी, रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळा लागत नाही. शेवटच्या रांगेची पाठ बऱ्याच गाड्यांत मागे जात नाही. मधल्या दाराजवळची जागा संडासाच्या आणि थंडीच्या दोन्ही त्रासांत सापडते. पुढच्या चाकाच्या मागे, खिडकीची, अशी साधारण पसंती ठेवावी. मान धरणारी उशी, कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी, एक पातळ शाल आणि जाड मोजे. उन्हाळ्यातही, कारण एसी चालकाच्या मर्जीने चालतो. पॉवर बँक घ्याच, सीटजवळचा सॉकेट मेलेला निघणे नेहमीचे.

फ्लिक्सबसला वरच्या बॅगेची मर्यादा ४२ × ३० × १८ सेंटीमीटर आणि ७ किलो, पोटातल्या बॅगेची ८० × ५० × ३० आणि २० किलो. दोन-तीन दिवसांसाठी पोटात बॅग टाकूच नये असे आमचे मत. मधल्या थांब्यावर कोण काय उचलतो ते वर बसलेल्याला दिसत नाही. खाण्याचे म्हणाल तर धपाटे, शेंगदाण्याची चटणी, भडंग उत्तम. सुक्या मटणाचा डबा मात्र बंद गाडीत रात्री अकराला उघडू नये. पन्नास माणसांची झोप मोडते.

आता कागद. इथे मात्र सवलत नाही. शेंगेन क्षेत्रात सरहद्द नाही अशी समजूत घेऊन मुले नुसत्या विद्यार्थी ओळखपत्रावर निघतात. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली. ऑस्ट्रियाच्या बाजूला तर ती २०१५ पासूनच आहे. साल्झबुर्गकडून म्युनिकला परतणारी बस वाल्सरबेर्गच्या नाक्यावर बाजूला घेतात, पोलीस आत चढतात आणि सीटवर येऊन कागद मागतात. मूळ पासपोर्ट आणि मूळ निवास परवान्याचे कार्ड, दोन्ही लागतात. फोनमधला फोटो, रंगीत झेरॉक्स चालत नाही. परवाना असलेल्याला दुसऱ्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. नुकतेच गेलेल्या आणि अजून कार्ड न मिळालेल्या मुलांना त्यांच्या डी व्हिसावरही (दीर्घ मुक्कामाचा व्हिसा), त्याची मुदत असेतोवर, हेच लागू.

खरी अडचण परवान्याचे नूतनीकरण अडकलेल्यांची होते. परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून तोवर फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा घडीचा कागद मिळतो. त्यावर जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ चे कोणते उपकलम खुणावले आहे ते बघा. तिसऱ्या उपकलमावर खूण असेल तर तो कागद जर्मनीत राहण्यापुरता आहे. त्यावर बाहेर पडून परत आत येता येत नाही. चौथ्यावर असेल तर जर्मनीत परतता येते, तरीही ज्या देशात जायचे त्याच्याबद्दल कार्यालयाला ईमेलने विचारून उत्तर सोबत ठेवावे. प्रागचे तिकीट वाया गेले तर वीस-पंचवीस युरोंचा प्रश्न, सरहद्दीवर अडकलात तर शिक्षणाचा.

लंडन शेंगेनमध्ये नाही. पॅरिसहून रात्रीची बस लंडनला जाते, पण भारतीय पासपोर्टला ब्रिटिश व्हिसा वेगळा लागतो, जर्मन परवान्याचा तिथे उपयोग नाही. बुडापेस्टहून बेलग्रेडला जाणारी बसही शेंगेनच्या बाहेर पडते. हे आई-वडिलांनी विशेष ध्यानात घ्यावे: मुलाला भेटायला एका प्रवेशाच्या व्हिसावर गेलात आणि अशी एक रात्रीची सहल केलीत, तर व्हिसा तिथेच संपला, परत जर्मनीत येता येणार नाही. (आणि एरवीही साठीच्या माणसांना रात्रीच्या बसमध्ये बसवू नये. गुडघे इथेच बरे असतात.) बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून रस्त्यानेही शेंगेनमध्ये आले, क्रोएशिया २०२३ पासून आहे, जुने नकाशे आणि जुने सल्ले बाजूला ठेवा.

बसस्थानकाचे नाव पूर्ण वाचा. बर्लिनला मुख्य बसस्थानक फुंकटुर्मजवळ आहे, त्याला यू-२ मेट्रोचे काइझरडाम स्टेशन जवळचे. पण काही गाड्या आलेक्सांडरप्लात्सला किंवा स्युडक्रॉइत्सला थांबतात. म्युनिकला हाकरब्र्युकेचे स्थानक आणि शहराच्या उत्तर टोकाचे फ्रोटमानिंग, दोन्ही तिकिटावर "म्युनिक" म्हणूनच येतात. पॅरिसचे बेर्सी स्थानक उद्यानाच्या पोटात दडलेले आहे, ते शोधण्यात पंधरा मिनिटे जातात. मध्यवर्ती बसस्थानक की कावळा नाका हे न विचारता रिक्षात बसणाऱ्यासारखी गत व्हायला नको. सेमिस्टर तिकिटावर (विद्यापीठाच्या शुल्कातून मिळणारा प्रवासाचा पास) प्रादेशिक रेल्वेने बसच्या शहरात फुकट पोहोचता येते, पण त्या गाड्या उशिरा येतात. शेवटची गाडी पकडू नका, तिच्या आधीची पकडा. बस तुमच्यासाठी थांबत नाही आणि तुमच्याच चुकीने गेलेल्या बसचे पैसे परत मिळत नाहीत.

बसच उशिरा आली तर मात्र हक्क आहेत आणि ते मुलांना माहीत नसतात. २५० किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या नियमित सेवेला युरोपीय संघाचा नियम १८१/२०११ लागू होतो. स्थानकातून सुटायला दोन तासांहून अधिक उशीर होणार असेल किंवा फेरी रद्द झाली, तर दुसऱ्या मार्गाने पोहोचवणे किंवा पूर्ण पैसे परत, यातले काय हवे ते प्रवाशाने ठरवायचे. हा पर्यायच कंपनीने दिला नाही, तर भाड्याच्या परताव्याखेरीज वर निम्म्या भाड्याइतकी भरपाई. तीन तासांहून लांबच्या प्रवासात दीड तासावर उशीर झाला तर खाणे-पिणे, आणि रात्र काढायची वेळ आली तर हॉटेल, रात्रीला ८० युरोंपर्यंत, जास्तीत जास्त दोन रात्री. खराब हवामान असेल तर हॉटेल नाही. पोहोचायला झालेल्या उशिराची भरपाई या नियमात नाही, म्हणून सकाळी नऊच्या विमानाला बस जोडू नये. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी करायची. कंपनीचा संदेश, स्थानकावरच्या फलकाचा वेळेसकट फोटो, दुसऱ्या तिकिटाची पावती हे जपून ठेवले तरच तिला वजन येते. रागाच्या भरात स्वतःहून तिकीट रद्द करू नका; मग ते तुम्ही रद्द केलेले ठरते.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तिथली घड्याळे बदलतात. मार्चमध्ये दोनचे तीन होतात, ऑक्टोबरमध्ये तीनचे दोन. त्या शनिवारी रात्री बसणाऱ्याने पोहोचण्याची वेळ दोनदा तपासावी आणि हातातल्या घड्याळावर विसंबू नये.

फोन आणि पैशांचे थोडक्यात. जर्मन सिम युरोपीय संघात जादा पैसे न घेता चालते, स्वित्झर्लंड त्यात नाही. मिलानला जाणारी बस स्वित्झर्लंडमधून जात असेल तर डेटा बंद करून झोपा, नाहीतर झोपेतच बिल चढते. चेक आणि हंगेरीत युरो चलन नाही. एटीएम "युरोत रूपांतर करू का?" विचारते तेव्हा नाही म्हणून स्थानिक चलन निवडा. प्रागला नोटा बदलणाऱ्या खिडकीने चुना लावला, तर १ एप्रिल २०१९ पासूनच्या कायद्याने तीन तासांत व्यवहार मोडता येतो (१००० युरोंपर्यंत), पण पावती हवी. शहरातल्या बस आणि मेट्रोच्या कागदी तिकिटावर यंत्रात शिक्का मारायला विसरू नका; जर्मनीत बिनशिक्क्याच्या तिकिटाला ६० युरो दंड आहे आणि "नवीन आहे हो" हे कुणी ऐकत नाही. रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात किराणा दुकाने बंद, स्टेशनातली तेवढी उघडी.

सार्वजनिक आरोग्य विम्याच्या कार्डाच्या मागची बाजू हेच युरोपीय विमा कार्ड. ते संघातल्या देशांत चालते, पण बिगर-युरोपीय नागरिकाला डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडमध्ये नाही. तिथे जायचे तर काही युरोंचा प्रवास विमा वेगळा घ्यावा. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांकडे नोंद करून तिचा कागद घ्या. जवळच्या भारतीय दूतावासाकडून मिळणारे तातडीचे प्रमाणपत्र फक्त भारतात परतण्यासाठी असते, ते घाईने घेऊ नका. शिक्षण तिथेच चालू ठेवायचे तर निवास कार्ड आणि पोलिसांचा कागद घेऊन जर्मनीत परतायचे बघा आणि आपल्या भागाच्या कचेरीत (बर्लिन, म्युनिक, फ्रँकफर्ट किंवा हॅम्बुर्ग) नव्या पासपोर्टचा अर्ज करा. म्हणूनच पासपोर्ट आणि कार्ड एकाच पाकिटात ठेवू नये.

सुट्ट्यांचा मेळ घालताना असेन्शनचा (येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीचा) गुरुवार बघावा: मे महिन्यात किंवा आगेमागे येतो, शुक्रवार जोडला की चार दिवस मोकळे. त्या आठवड्याची भाडी आधीच चढतात, म्हणून महिना-दीड महिना अगोदर तिकीट काढा. आणि शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्रीच्याच बसने परत, सोमवारी आठला लेक्चर, हा बेत कागदावर नाद खुळा दिसतो. सरहद्दीच्या तपासणीत परतीचीच गाडी लटकते, तेव्हा ज्या सोमवारी प्रयोगशाळेची हजेरी सक्तीची आहे त्याच्या आदल्या रात्री बसमध्ये नसावे. जाताना रात्र, येताना दिवस, असा मेळ बसतो.

शेवटी इथल्या पालकांसाठी. हिवाळ्यात तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. मूल रात्री अकराला बसमध्ये चढते तेव्हा हिवाळ्यात कोल्हापुरात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. सकाळी सहाला उठून तुम्ही फोन लावलात तर तिकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो, आणि गाडीत बाकी सगळे झोपलेले. चढताना बस क्रमांक, उतरायच्या स्थानकाचे नाव आणि हॉस्टेलचा पत्ता एवढा एक संदेश मागून घ्या. पुढचा फोन आपल्या घड्याळात दुपारी बाराला. तोवर बातमी नाही म्हणून ट्रॅव्हल एजंटच्या दुकानात जाऊन बसू नका, त्याच्याकडेही त्या बसचा पत्ता नसतो. तिकडे काही अडले तर मुलाने ११२ लावायचा; हा क्रमांक संघातल्या सगळ्या देशांत फुकट चालतो.

आपले,
युरोपात शिकून परतलेले काही वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर